एक्सप्रेसवेवर हॅचबॅकमध्ये घुमणारा आवाज: डॅम्पिंग कुठे, किती आणि कशाच्या नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, दर आठवड्याला पुणे-मुंबई. शहरात गाडी शांत वाटते, पण एक्सप्रेसवेच्या काँक्रीटवर ८०-९० च्या पुढे गेलं की मागे बसलेल्यांशी ओरडून बोलावं लागतं. ॲक्सेसरीजच्या दुकानाने 'फुल कार डॅम्पिंग'चं, म्हणजे पत्र्याला आतून थरथर खाणारी चिकट शीट लावण्याचं, पॅकेज सुचवलंय: चार दरवाजे, फ्लोअर, डिकी, छत आणि बॉनेट. ते घ्यावं का, फरक किती पडेल, पावसाचा आवाज कमी होईल का, आणि वजन वाढून ॲव्हरेज पडेल का?

पूर्ण पॅकेज आत्ता घेऊ नका. आधी टायर आणि दरवाजांची रबरं तपासा. मग डिकी आणि मागच्या चाकांवरच्या कमानी, त्यानंतर फ्लोअर. दरवाजे त्याच्याही नंतर, छत शेवटी, आणि बॉनेट या आवाजासाठी यादीतच नाही. दुकानात हा क्रम बरोबर उलटा असतो. त्यांचंही खरं आहे: दरवाजाचं पॅड पटकन निघतं, काम गिऱ्हाइकाला उघडून दाखवता येतं आणि दरवाजा लावला की 'थप्प' असा भरीव आवाज येतो. गिऱ्हाईक तिथेच खूश होतं. पण दरवाजा लावतानाचा आवाज सुधारणं वेगळं आणि १०० च्या वेगाला गाडीत बोलता येणं वेगळं.

रस्त्याचा आवाज गाडीत दोन वाटांनी शिरतो. एक वाट लोखंडातून. टायर हादरतो, तो हादरा सस्पेन्शनच्या बुशमधून (रबरी सांध्यांतून) बॉडीत जातो आणि फ्लोअर, डिकीचा तळ, मागच्या कमानी असे मोठे सपाट पत्रे थरथरून तो आवाज आत सोडतात. हा जाड, घुमणारा आवाज, ढोबळमानाने ५०० हर्ट्झच्या (सेकंदाला ५०० कंपनांच्या) खालचा. कानापेक्षा छातीत जास्त जाणवतो आणि दोन तासांच्या प्रवासानंतर डोकं जड करतो तो हाच. दुसरी वाट हवेतून. टायरची नक्षी रस्त्यावर आपटते, तिच्या खाचांमधली हवा दाबली जाते आणि सुटते. त्याचा जोर साधारण १,००० हर्ट्झच्या आसपास असतो. तो आवाज चाकाच्या कमानीतून, रबराच्या फटींतून, काचांतून सरळ आत येतो. या दोन वाटांवरचे उपाय वेगळे आहेत. डॅम्पिंग शीट पहिल्या वाटेवर काम करते, दुसरीवर फारच थोडं. 'एवढे पैसे घालून काही फरक नाही' अशी तक्रार घेऊन जी माणसं माझ्याकडे येतात, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या गाडीत शीट बरी लागलेली असते, पण आवाज दुसऱ्या वाटेने येत असतो.

काँक्रीटवरच का वाढतो? पाणी निचरावं आणि पकड राहावी म्हणून काँक्रीट ओलं असताना त्यावर खाचा ओढतात. त्या आडव्या आणि सारख्या अंतरावर असल्या तर टायर त्यांच्यावर एका ठरावीक लयीत आपटतो. ताशी ९० किमी म्हणजे सेकंदाला २५ मीटर. समजा खाचा २० मिमी अंतरावर आहेत, तर सेकंदाला १,२५० आपट्या होतात, म्हणजे १,२५० हर्ट्झची सरळ शिट्टी. वेग वाढवला की तिची पट्टी चढते. त्यात काँक्रीटच्या स्लॅबचे जोड असतात, बहुधा साडेचार मीटरच्या आसपास. त्यांची ठक-ठक वेगळी. शिवाय टायरच्या आतली हवासुद्धा घुमते. लहान आणि मध्यम गाड्यांच्या टायरमध्ये हा घुमारा साधारण २०० ते २५० हर्ट्झला असतो, आणि रस्त्याचा जोड किंवा खड्डा लागला की 'बुंग' असा ऐकू येतो. समृद्धी महामार्गावर हे सगळं आणखी ठळक होतं, कारण तिथे बहुतेक सलग काँक्रीट आणि वेगमर्यादा १२०. नागपूरला जाऊन आलेले लोक हल्ली माझ्याकडे पूर्वीपेक्षा जास्त येतात, त्यातही इलेक्ट्रिक गाडीवाले. इंजिनाचा आवाजच नसल्याने त्यांना टायर जास्त ऐकू येतो.

आता तुमच्या गाडीत नेमकं काय वाजतंय ते ओळखा. त्यासाठी पैसे लागत नाहीत. रस्ता काँक्रीटवरून डांबरावर बदलतो तिथे, एकच वेग ठेवून, कान द्या. आवाज एकदम खाली पडला तर तो टायरचा. तसाच राहिला तर वाऱ्याचा, इंजिनाचा किंवा चाकाच्या बेअरिंगचा. बेअरिंग ओळखायला लांब वळणावर लक्ष ठेवा: डावीकडच्या वळणावर घुरघुर वाढते आणि उजवीकडच्यावर कमी होते, किंवा याच्या उलट, असं होत असेल तर गाडी आधी मेकॅनिककडे न्या. गेलेल्या बेअरिंगवर डॅम्पिंग करणं धोक्याचं आहे, कारण जो आवाज तुम्हाला सावध करतोय तोच तुम्ही दाबता. इंजिन वेगळं काढायचं तर मोकळ्या, सपाट रस्त्यावर क्षणभर क्लच दाबा. घुमारा लगेच उतरला तर तो इंजिनाचा किंवा एक्झॉस्टचा. वाऱ्यासाठी रंगकामाची मास्किंग टेप घ्या. ड्रायव्हरचा सोडून बाकीच्या दरवाजांच्या बाहेरच्या फटींवर, आरशाच्या बुडाशी आणि काचेच्या कडांवर ती लावून तोच टप्पा पुन्हा चालवा. आवाज उतरला तर एकेक पट्टी काढत जा, कुठून शिरतोय ते कळेल.

तुमच्या वर्णनावरून, आवाज फक्त काँक्रीटवर आणि जास्त करून मागच्या सीटवर, मला पहिला संशय मागच्या टायरांचा आहे. पुढची चाकं चालवणाऱ्या हॅचबॅकमध्ये मागचे टायर हळू झिजतात. म्हणून लोक त्यांच्याकडे बघतच नाहीत आणि त्यांची अदलाबदलही करत नाहीत. हलक्या मागच्या भागामुळे आणि थोड्या बिघडलेल्या अलाइनमेंटमुळे त्यांच्या नक्षीचे ठोकळे एका कडेने झिजतात आणि दुसऱ्या कडेने उभे राहतात. गाडी थंड असताना मागच्या टायरच्या पृष्ठभागावरून तळवा एका दिशेने फिरवा, मग उलट दिशेने. एकीकडे हात गुळगुळीत सरकतो आणि दुसरीकडे करवतीच्या दात्यांसारखं अडकतं, असं लागलं तर तुमचा निम्मा आवाज सापडला. असा टायर बेअरिंग गेल्यासारखा घोंघावतो. चांगले मेकॅनिकही यात फसतात आणि बेअरिंग बदलून देतात. झीज थोडी असेल तर टायर पुढे टाका, अलाइनमेंट करा. काही हजार किलोमीटरमध्ये दाते बरेच घासले जातात. जास्त असेल तर टायर बदलावा लागतो. पुढे दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायरांची जागा बदलत राहा.

टायरचं वयही बघा. त्याच्या बाजूवर डीओटीच्या ओळीत शेवटचे चार अंक असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. '२३२१' म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांच्या गाडीचे मूळ टायर असतील तर नक्षी शिल्लक असली तरी उन्हाने रबर कडक झालेलं असतं, आणि कडक रबर जास्त वाजतं. हवेचा दाबही तपासा. पंपावर सरसकट ३५ भरतात. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावर जे स्टिकर असतं, त्यावर तुमच्या गाडीचा आकडा आहे. तो ३५ पेक्षा कमी असेल तर तुम्ही विनाकारण टणक टायरवर फिरताय. दाब टायर थंड असताना मोजा, आणि स्टिकरच्या खाली मात्र जाऊ नका. हायवेवर कमी हवेचा टायर तापतो, तो आवाजापेक्षा फार मोठा प्रश्न आहे.

नवे टायर घेताना मूळ आकार ठेवा. रुंद टायर आणि मोठी अलॉय टाकली की आवाज वाढतो, मग त्याच आवाजासाठी लोक डॅम्पिंग करायला येतात. टायरच्या युरोपीय लेबलवर डेसिबलचा आकडा असतो, तो उपयोगी आहे पण त्याचा अर्थ नीट घ्या. इंजिन बंद ठेवून ताशी ८० च्या आसपास गाडी सोडतात आणि साडेसात मीटरवरच्या माइकने बाहेरचा आवाज मोजतात, त्याचा हा आकडा. आतला घुमारा त्यात येत नाही. तरी दोन टायरांत ३ डेसिबलचा फरक दिसला तर कमी आकड्याचा घ्या. आतून स्पंज चिकटवलेले टायर मिळतात. ते टायरमधल्या हवेच्या घुमाऱ्यावर चांगलं काम करतात, पण महाग असतात, पंक्चर काढताना तिथला स्पंज खरवडावा लागतो आणि सगळे पंक्चरवाले ते नीट करत नाहीत. तुमच्या गाडीला त्याची गरज नाही.

टायरनंतर रबरं, म्हणजे दरवाजांचं बीडिंग. दरवाजाच्या चौकटीत कागदाची पट्टी धरून दरवाजा लावा आणि पट्टी ओढा. ती अडखळत निघाली पाहिजे. सुळकन निघाली तर तिथलं रबर दबून निकामी झालंय. हे चारही दरवाजांना आणि डिकीला, प्रत्येकी चार-पाच ठिकाणी करा. हॅचबॅकमध्ये डिकीच्या खालच्या कडेचं रबर सामान चढवता-उतरवताना हमखास दबतं. फट केवढी याला फार महत्त्व आहे. एखाद्या भिंतीच्या क्षेत्रफळाचा फक्त एक टक्का भाग उघडा असेल, तर बाकीची भिंत कितीही जाड करा, ती २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. म्हणून डिकीच्या तळाची आणि फ्लोअरची रबरी बुचंही मोजून बघा. बाहेरून म्युझिक सिस्टिम किंवा हॉर्नची वायर घेताना फायरवॉलचं (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याचं) रबर फाडून तसंच सोडलेलं मी नेहमी बघतो. अशा एका भोकातून जेवढा आवाज येतो तेवढा दरवाजाच्या पत्र्यातून येत नाही. जादा रबर पट्ट्या लावायच्या तर मऊ, पोकळ लावा आणि जिथे कागद सुळकन निघाला तिथेच. जाड पट्टी लावली की दरवाजा आपटावा लागतो, आणि मग जुनं रबर लवकर मरतं.

हे सगळं करून पुन्हा एक्सप्रेसवेवर जा. पुष्कळ लोक इथेच थांबतात, आणि थांबावं. मूळ टायर पाच वर्षांचे असतील तर ते तसेही बदलायला आले आहेत, आणि लहान हॅचबॅकच्या चार टायरांचा खर्च चांगल्या प्रतीच्या पूर्ण डॅम्पिंगपेक्षा सहसा कमीच येतो.

तरी घुमारा उरला तर शीट. ती काय करते ते आधी समजून घ्या. स्टीलच्या ताटावर चमचा वाजवा, ताट बराच वेळ गुणगुणतं. ताटाला बोट टेकवलं की गप्प होतं. बोटाने आवाज अडवला नाही, ताटाची थरथर खाल्ली. डॅम्पिंग शीटमध्ये चिकट ब्युटाइल रबराचा थर आणि वर ॲल्युमिनियमची पातळ पत्री असते. पत्रा वाकतो तेव्हा वरची पत्री ताणायला नकार देते, मधलं रबर पिळलं जातं आणि थरथरीची ऊर्जा उष्णतेत जिरते. या कामाला पत्री लागतेच. ती नसलेली नुसती चिकट शीट बरीच कमजोर असते. आणि याच कारणाने पूर्ण पत्रा झाकायची गरज नसते. सपाट भागाच्या मधोमध पाव ते अर्धा भाग झाकला की बहुतेक काम होतं. जिथे कारखान्यातच पत्र्याला घड्या, उभार दिलेले असतात तिथे तो आधीच ताठ असतो, तिथे शीट वाया जाते. बोटाच्या पेराने पत्रा ठोकत जा. जिथे 'टण्ण' असा लांबतो तिथे शीट, जिथे 'ठक' असा मरतो तिथे पुढे सरका. शंभर टक्के कव्हरेज हा दुकानाचा शब्द आहे, कारण शीट चौरस फुटावर विकली जाते.

स्वस्त शीटमध्ये ब्युटाइल नसतं, डांबर असतं. ते ओळखायला अवघड नाही: कोपरा सोलून वास घ्या, रस्त्याचं काम चालू असल्यासारखा आला तर ठेवून द्या. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचं छत आणि दरवाजा हात लावू देत नाहीत. डांबरी शीट तिथे मऊ होते, घसरते, दरवाजाच्या तळाशी गोळा होते आणि वास महिनोन्महिने जात नाही. ब्युटाइलचा कोपरा चिमटीत ताणला तर लांब तार निघते आणि वास जवळजवळ नसतो. वजनही करून बघा, २ मिमी जाडीच्या चांगल्या शीटचा एक चौरस मीटर साधारण ३ किलो भरतो. फारच हलकी निघाली तर जाडी फोमची आहे किंवा नुसती छापील आकड्यात आहे.

पहिली जागा डिकी. हॅचबॅकमध्ये डिकी आणि माणसं एकाच खोलीत बसतात, मध्ये फक्त सीटची पाठ आणि एक पार्सल ट्रे. खालचं कार्पेट उचला, स्टेपनी काढा. स्टेपनीचा खड्डा म्हणजे मोठा, गोल, पातळ पत्रा. त्याच्या तळाला आणि बाजूंना शीट लावली की घुमाऱ्यात स्पष्ट फरक पडतो. मग दोन्ही बाजूंची प्लास्टिक ट्रिम काढा. आत मागच्या चाकांच्या कमानी दिसतील, कित्येक गाड्यांत अगदी उघड्या, नुसता रंग मारलेल्या. खडी उडाल्याचा, पाण्याच्या फवाऱ्याचा आणि टायरचा आवाज इथूनच मागच्या सीटवर येतो. कमानीवर मात्र कंजुषी नको, हात पोहोचेल तेवढा भाग झाका आणि त्यावर न भिजणारा पॉलिस्टर फेल्टचा जाड थर घाला.

इथे एक गोष्ट फार कमी दुकानदारांना माहीत असते. ट्रिमच्या मागे, बंपरच्या आतल्या बाजूला, रबरी पाकळ्यांची झडप असते. गाडीतली हवा बाहेर जायची ती वाट आहे. एसीचा ब्लोअर बाहेरची हवा आत ढकलतो, ती इथून निघते. दरवाजा लावताना दाबली गेलेली हवाही इथूनच निघते. ही झडप शीटने बुजवली की काचांवर वाफ धरते, कानात दडे बसतात आणि दरवाजा नीट लागत नाही. तिच्याभोवती आडोसा करा, पण ती उघडी ठेवा.

बाहेरून, चाकाच्या कमानीत, पुढे प्लास्टिकचं लायनर बहुतेक गाड्यांना असतं; मागे स्वस्त व्हेरियंटला नसतं. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला मागचं लायनर येत असेल, तर तो पार्ट मागवून क्लिपांनी बसवा. माझ्या मते पैशाच्या मानाने एवढा फायदा देणारी दुसरी वस्तू नाही. अंडरबॉडी कोटिंगने खडी उडल्याची टणटण कमी होते आणि गंजापासून बचाव होतो. त्याला रस्त्याच्या आवाजाचा उपाय म्हणून विकतात ते मात्र फुगवून सांगणं आहे.

फ्लोअर हे सगळ्यात कष्टाचं काम. सीट काढाव्या लागतात, आणि सीटखाली एअरबॅग आणि बेल्टची कनेक्टर असतात, सहसा पिवळी. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, काही मिनिटं थांबा, मगच ती सोडवा. कनेक्टर सुटलेले असताना इग्निशन चालू केलं की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि स्कॅनर आणावा लागतो. सीटचे बोल्ट परत ठरलेल्या टॉर्कने आवळायचे. ते तुमच्या जिवाचे बोल्ट आहेत, अंदाजाने आवळणाऱ्याला ते करू देऊ नका. कार्पेट उचललं की खाली कारखान्यातलेच काळे डांबरी तुकडे वितळवून बसवलेले दिसतील. त्यांच्यावर पुन्हा शीट लावणाऱ्याला थांबवा, तिथल्या पत्र्याची थरथर आधीच मेलेली असते. उघड्या जागा शोधून तिथेच लावा.

फ्लोअरवर खरी गरज शीटची कमी आणि अडवणाऱ्या थराची जास्त असते, कारण इथे हवेतून येणारा आवाजही असतो. त्यासाठी जड, लवचीक व्हिनाइलची चादर येते, बाजारात तिला एमएलव्ही म्हणतात. एका चौरस मीटरला साधारण ५ किलो. आवाज अडवायला वजन लागतं, आणि वजन दुप्पट केलं तर अडवणूक जेमतेम ६ डेसिबल वाढते. त्यामुळे वजनाचा हिशेब लवकरच नकोसा होतो. ही चादर पत्र्याला थेट चिकटवायची नाही. मध्ये पाच-सहा मिमीचा बंद छिद्रांचा फोम हवा, म्हणजे पत्र्याची थरथर चादरीत जात नाही. आणि चादर अखंड हवी, जोडांवर टेप मारून. तुकड्यातुकड्याने टाकली तर वर सांगितलेला एक टक्क्याचा नियम आड येतो. हाच पातळ फोम 'साउंड ॲब्सॉर्बर' म्हणून एकटा विकला जातो, ते मला पटत नाही. १०० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट ३.४ मीटर लांब असते, तिला पाच मिमीचा फोम काय करणार? पातळ फोम किंवा फेल्ट फार तर चिरका आवाज थोडा खातो.

कुठल्याही भागावर शीट लावण्याआधी पत्रा कोरडा आणि स्वच्छ हवा; आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, गंज दिसला तर आधी त्याचा बंदोबस्त करा. शीट रोलरने इतकी दाबा की पत्रीवरची छापील नक्षी सपाट व्हावी. हाताने थोपटलेल्या शीटखाली हवा राहते आणि तेवढी जागा निरुपयोगी. पत्रीच्या कडा बोटं कापतात, हातमोजे घाला. हे काम पावसाळ्यात काढू नका, कोकणात तर नाहीच. कार्पेटखाली अडकलेली ओल फेल्टमध्ये शिरली की गाडीला जो वास येतो तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरतो.

दरवाजांबद्दल दोन-तीन गोष्टी. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दरवाजात उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर जातं, ती भोकं बुजली की दरवाजा आतून सडतो. पॅडमागचं प्लास्टिक फाडलं आणि परत नीट चिकटवलं नाही तर पाणी पायाशी कार्पेटवर येतं. पहिल्या मोठ्या पावसात कळतं. तिसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. काही गाड्यांत साइड एअरबॅगचा सेन्सर दरवाजाच्या पोकळीतला हवेचा दाब ओळखतो. अशा दरवाजाच्या आतल्या पत्र्याची मोठी भोकं झाकली तर पोकळीतल्या दाबाचं वागणं बदलतं. तुमच्या गाडीत तसा सेन्सर आहे का, हे सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या. असेल तर बाहेरच्या पत्र्याला आतून थोडी शीट पुरे, आतल्या पत्र्याला हात लावू नका. स्पीकरसाठी मात्र दरवाजाचं डॅम्पिंग छान. गाण्यांचा बेस सुधारतो.

पावसाच्या आवाजासाठी छताची शीट उपयोगी आहे. छत हा गाडीतला सगळ्यात मोठा सपाट पत्रा, आणि थेंबांचा ताशा त्यावर शीट लावली की बराच मंद होतो. पण छताचं आतलं लायनिंग उतरवताना छताच्या कडेच्या कर्टन एअरबॅग (खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या) वाटेत येतात. गाडीला त्या असतील तर हे काम एअरबॅगचं काम कळणाऱ्याकडेच द्या. बॉनेटच्या शीटने इंजिनाचा थोडा आवाज आणि बॉनेटच्या रंगावरची उष्णता कमी होते. तुमचा प्रश्न तो नाही.

किती फरक पडेल? टायर वेगळे काढून, फक्त डिकी, कमानी आणि फ्लोअरच्या नीट कामाने माझ्या अनुभवात २ ते ३ डेसिबल. कागदावर ३ डेसिबल म्हणजे आवाजाची ऊर्जा निम्मी, पण कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. तरी बोलणं सोपं होतं, कारण जड घुमारा जातो. फोनवर मोजणार असाल तर एकच टप्पा, एकच दिशा, एकच वेग, ब्लोअर बंद, रस्ता कोरडा, आणि मिनिटभराची सरासरी घ्या. ॲपमध्ये ए आणि सी अशी दोन मापं असतील तर दोन्ही लिहून ठेवा. ए माप १०० हर्ट्झचा आवाज १९ डेसिबलने कमी धरतं, म्हणून डॅम्पिंगने घुमारा उतरला तरी ए च्या आकड्यात तो नीट दिसत नाही आणि माणूस उगाच हिरमुसतो. तुलनेसाठी एक गंमत: तोच टप्पा १०० ऐवजी ८० ने चालवून बघा. टायरचा आवाज साधारण ३ डेसिबलने उतरतो.

काम झाल्यावर आणखी एक होईल. रस्त्याचा आवाज उतरला की त्याखाली झाकलेल्या बारीक कुरबुरी वर येतात: डॅशबोर्डची करकर, बेल्टच्या खांबातली टकटक, आरशाशी वाऱ्याची शीळ. दुकानाने काही तोडलं असं लगेच धरू नका, पण ट्रिमच्या क्लिपा मोडल्या नाहीत ना ते बघा. मोडलेल्या क्लिपांच्या जागी नव्या टाकायला आधीच सांगा. वायरिंगला गुंडाळतात ती कापडी टेप ट्रिमच्या कडांना लावली की बहुतेक करकर थांबते.

ॲव्हरेजची काळजी सोडा. डिकी, कमानी, फ्लोअरची शीट आणि एमएलव्ही मिळून २५-३० किलो वाढतील. शाळकरी मूल मागे बसल्याने जेवढं पडतं तेवढंच. दुकानात जाल तेव्हा पॅकेज नको म्हणा. 'आधी डिकी आणि मागच्या कमानी करा, गाडी आठवडाभर चालवून मग फ्लोअरचं सांगतो' असं सांगा. शीट ब्युटाइलची आहे, जाडी किती, किती चौरस फूट लागली, हे पावतीवर लिहून घ्या, आणि ट्रिम परत बसवण्याआधी प्रत्येक भागाचे फोटो मागा. वायर कुठे कापायची गरज पडत नाही या कामाला. कुणी कापू लागला तर तिथेच थांबवा, नाहीतर वॉरंटीचा वाद तुमच्या गळ्यात येईल.